आकड्यांना लगाम घालणारी बाई

ऑफिसात तिला सगळे लगामबाई म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. नवीन कोणी येऊन बिचकत ‘मॅडम’ म्हणू लागलं, तर तीच सांगे की मॅडम म्हटलं की कोणाला हाक मारली ते मला कळत नाही.

नाव उगीच पडलं नव्हतं. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम तिच्याकडे तपासायला आला, की त्यातली प्रत्येक दशांश संख्या ती बोटाखालून घाली. ही कमीत कमी किती होईल? जास्तीत जास्त किती? लिहिणाऱ्याकडे उत्तर नसेल तर प्रोग्राम आल्या पावली परत. ‘एवढी मोठी कशाला होईल?’ असं कोणी म्हटलं तर तिचं म्हणणं ठरलेलं असे, की होईल म्हणून विचारत नाही, झालीच तर तिला कोण अडवणार ते विचारतेय.

शेजारच्या टेबलावर एक तरुण प्रोग्रामर बसे. त्याला सगळे जावई म्हणत, कारण चहा जागेवर आल्याखेरीज तो घेत नसे. लगामबाईने परत पाठवलेल्या कामांत त्याचा वाटा मोठा. बाई घरी मीठसुद्धा वरची-खालची हद्द ठरवूनच घालत असतील, असं तो म्हणे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. नवरा ‘येतो थोड्या वेळात’ म्हणून बाहेर पडला, की ती दारातून विचारी, “थोडा म्हणजे किती ते किती?” नवरा शाळेत भूगोल शिकवणारा. नद्या-डोंगरांच्या हिशेबाने त्याचा थोडा वेळ बराच लांब असे. तो न वळताच हात हलवी आणि कोपऱ्यावरून दिसेनासा होई.

ही सवय तिला पहिल्या नोकरीत लागली. वडील बस डेपोत मेकॅनिक, घरात गणिताची आवड फक्त तिला. शिकून बाहेर पडली ती काचेच्या रोपवाटिकांना लागणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे एका पडद्यावर तिने हवेतला ओलावा एकशे चार टक्के दाखवलेला पाहिला. वरिष्ठाला विचारलं, तर तो म्हणाला, सेन्सर जरा पुढे दाखवतो, सगळ्यांना माहीत आहे, सोडून दे. सगळ्यांना माहीत असलेली चूक सगळ्यांनी मिळून चालवून घ्यायची, हे तिच्या पचनी पडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत बसून तिने शंभराची वरची हद्द घातली. वरिष्ठ दोन दिवस बोलला नाही. तेव्हापासून, बाईच्या हाताखालून गेलेली संख्या मोकाट सुटत नाही अशी तिची ख्याती झाली.

आताची कंपनी विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअर बनवत असे. बैठी इमारत, पुढे ऑफिस, मागे जुळणीचा हॉल. हॉलमध्ये रबराचा आणि नव्या फोमचा वास, आणि भिंतीकडेने चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची बारीक घरघर. खुर्चीच्या उजव्या हातावर आखूड दांडीची जॉयस्टिक. माणूस ती पुढे-मागे करतो, तिच्याखालचा सेन्सर दांडी किती हलली ते सांगतो, आणि प्रोग्राम त्याची एक संख्या करतो. एक म्हणजे पूर्ण वेगाने पुढे, उणे एक म्हणजे पूर्ण वेगाने मागे, शून्य म्हणजे थांब. सगळा कारभार या दोन टोकांमध्ये.

अडचण दशांशांची. एकाला तीनने भागायला घेतलं तर कागदावरही तिनांची रांग संपत नाही, कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो. यंत्रालाही तो घ्यावा लागतो. त्यामुळे ज्या हिशेबाचं उत्तर बरोबर एक यायला हवं, ते कधी कधी एकाहून केसभर जास्त येतं. माणसाला केसभराने फरक पडत नाही. मोटरचा प्रोग्राम मात्र एकाच्या पुढची संख्या दिसली की बिथरे आणि खुर्ची भर रस्त्यात बंद पडे. यावर लगामबाईने फार पूर्वी दोन ओळींचं एक फंक्शन लिहिलं होतं. संख्या खालच्या टोकापेक्षा लहान आहे का? असेल तर तिला खालच्या टोकावर आण. वरच्या टोकापेक्षा मोठी आहे का? असेल तर वरच्या टोकावर आण. नाहीतर जाऊ दे. हे फंक्शन सगळ्यांनी उचललं. कंपनीच्या प्रत्येक खुर्चीत ते कुठे ना कुठे होतंच. जावयानेही ते अनेकदा वापरलं होतं, आणि बाईचं आहे म्हणजे बघायला नको, असं म्हणून कधी उघडून पाहिलं नव्हतं.

घरी नवरा, आणि नवऱ्याची थोरली बहीण. तिला ती ‘वन्सं’ म्हणे. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात गमतीने जुन्या पद्धतीची हाक मारली आणि तीच चिकटली. वन्सं अविवाहित, व्यवसायाने शिंपीण, आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार. चौकात औषधांच्या दुकानाशेजारी त्यांचं अरुंद शिलाईचं दुकान होतं. त्यांनी बेतलेला कोट पाठीवर कधी गोळा होत नाही, असं लोक सांगत. भावजयीला त्या ‘इंजिनिअरबाई’ म्हणत, आणि तिने हाताने घातलेली टीप पाहिली की चष्मा काढून ठेवत. इतकं स्पष्ट बघवत नाही म्हणून.

मग त्यांना स्नायूंचा आजार झाला. आधी पाय गेले, मग खांदे, मग बोटांतली ताकद उतरू लागली. दुकानात एक मदतनीस बाई होती, ती शिवणकाम पाहू लागली. पण मापं घेणं, कापड बेतणं आणि गिऱ्हाइकाला तुम्हाला हा रंग शोभत नाही असं तोंडावर सांगणं, हे वन्संचंच काम होतं. त्यासाठी त्यांना दुकानात पोचायला हवं होतं. लगामबाईने कंपनीची खुर्ची घरी आणली. वन्संनी दांडीवर हात ठेवला आणि जोर लावला. खुर्ची जागची हलली नाही. त्यांची बोटं दांडीला जेवढी हलवू शकत होती, तेवढी हालचाल प्रोग्राम हिशेबातच धरत नव्हता. हात नुसता टेकला म्हणून खुर्ची पळू नये, यासाठी तशी खबरदारी घेतलेली होती. घेणारी अर्थात लगामबाईच.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं, की मागून ढकलायची साधी खुर्ची घ्या, सोबतीला कोणीतरी ठेवा. वन्संनी ऐकून घेतलं आणि त्या गेल्यावर भावाला म्हणाल्या, “ढकलत आणलेली शिंपीण लोकांची मापं घेणार? त्यापेक्षा दुकानाला कुलूप लाव.” त्या दिवसापासून त्यांनी दुकानाचं नाव काढलं नाही. खिडकीशी बसून राहत. मदतनीस बाई संध्याकाळी काही विचारायला आली तर ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणत. वन्संच्या तोंडी हे वाक्य ऐकून घरात सगळे घाबरले.

एकदा चहा घेताना लगामबाईने त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, की दांडी अमुक इतकी हललीच पाहिजे, ती हद्द सुरक्षिततेसाठी आहे. वन्संनी कप खाली ठेवायला वेळ घेतला. मग म्हणाल्या, “म्हणजे तयार कपड्यांचं दुकान काढलंयस. सगळ्यांना एकच माप. बसलं तर बसलं.”

टोमणा होता, पण तो तिच्या डोक्यात घर करून बसला. आजवर ती संख्येला दोन टोकं घालत आली होती, पण टोकं ठरवली होती धडधाकट हातांवरून. टोकं दांडीची नकोत, बसणाऱ्याच्या हाताची हवीत. पहिल्यांदा बसताना माणसाने हात जमेल तेवढा पुढे न्यायचा, जमेल तेवढा मागे न्यायचा. खुर्चीने ती दोन टोकं लक्षात ठेवायची, आणि मधलं अंतर कितीही लहान असलं तरी ते उणे एक ते एक असं ताणून घ्यायचं. हाताची नैसर्गिक थरथर तेवढी आधी गाळून टाकायची, म्हणजे कंप हा इशारा ठरणार नाही. ऑफिसात या सगळ्याला ‘हाताचं माप घेणं’ असं नाव पडलं.

मालक पूर्वी हॉस्पिटलचे पलंग विकत. माणूस सरळ, पण धंद्यात पडल्यापासून प्रत्येक नव्या कल्पनेत त्यांना आधी अपघात दिसे. त्यांनी बरेच दिवस टाळलं. शेवटी म्हणाले, हॉलमध्ये एकदा करून दाखवा, सगळ्यांसमोर, आणि जिच्यासाठी केलंय तिलाच बसवा.

वन्संना आणलं. हॉलमधली माणसं हातातली कामं टाकून भोवती उभी राहिली. मालक, फिटर, जावई, हिशेब बघणाऱ्या बाई, अगदी माल पोचवायला आलेला ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा. वन्संनी ठेवणीतला कोट घातला होता आणि त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. फिटर म्हणाला, ताई, हात पुढे न्या जमेल तेवढा, आता मागे, झालं. पडद्यावर माप झाल्याची खूण आली. त्याने खुर्ची चालू केली.

खुर्ची मागे सुटली. हळू नाही, पूर्ण वेगाने. वन्संच्या हाताने दांडीला काही केलेलं नव्हतं. लोक बाजूला पांगले, खुर्ची खोक्यांच्या मांडणीवर जाऊन आदळली, वरची दोन खोकी घरंगळली, आणि फिटरने धावत जाऊन मागचं लाल बटण दाबलं. वन्संचं कोपर खरचटलं, कोटाची बाही उसवली. त्यांनी कोट ओढून सारखा केला. मग बाहीकडे बघत म्हणाल्या, “अगं, गाडी माझ्या वळणावर गेलीय तुझी. सांगावं त्याच्या बरोबर उलट.”

कोणी हसलं नाही. मालकांनी आधी वन्संना पाणी दिलं, गाडी मागवून घरी पाठवलं, आणि मग लगामबाईला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. हाताचं माप हा प्रकार बंद, म्हणाले. नेहमीच्या खुर्च्या नेहमीसारख्या जाऊ देत. घरचं माणूस आणि ऑफिसचं काम एकत्र केलं की नजर चुकते. लगामबाईला नजर चुकली असं वाटत नव्हतं, पण मागे गेलेली खुर्ची सगळ्यांनी पाहिली होती. तिने फक्त कारण शोधायची परवानगी मागितली. ती मिळाली.

कारण सापडेना. त्याच खुर्चीची चाकं ठोकळ्यांवर उचलून तिने माप पुन्हा पुन्हा घेतलं. स्वतःचं घेतलं, फिटरचं घेतलं, हिशेबवाल्या बाईंचं घेतलं. जावयाला बोटाच्या टोकाने कणभर हलव म्हटलं, त्याने तेही केलं. खुर्ची शहाण्यासारखी वागली. सेन्सर बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली. प्रोग्राम वरून खाली आणि खालून वर वाचला. हद्दी सगळ्या जागच्या जागी होत्या. घरी वन्सं तिला काहीच विचारत नसत, आणि ती काही सांगत नसे. दोघींच्या मध्ये नवरा मुद्दाम मोठ्याने पेपर वाचत बसे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी नवऱ्याची जुनी पँट मोठी करायची निघाली. वन्संची बोटं टेप धरण्याजोगी राहिली नव्हती, म्हणून टेप लगामबाईच्या हातात, आणि खिडकीशी बसून हुकूम वन्संचे. तिने कमरेभोवती टेप फिरवला. नवऱ्याने छाती पुढे काढली.

“श्वास सोड,” वन्सं म्हणाल्या. “खरं पोट दाखव. टेप आला की सगळे पोट आत ओढतात, आणि मग शिंप्याच्या नावाने बोंब मारतात.”

नवऱ्याने श्वास सोडला. लगामबाई मात्र टेप तसाच धरून उभी राहिली. तिने वळून नणंदेकडे पाहिलं.

“वन्सं, त्या दिवशी फिटरने हात पुढे-मागे करा म्हटलं, तेव्हा तुम्ही किती हलवला?”

वन्सं बाहेर बघत राहिल्या. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “नाही हलवला.”

“अजिबात?”

“आख्खा हॉल गोळा केलात. या हाताने मी लोकांचे कोट बेतलेत. तो त्या सगळ्यांसमोर लटपटताना दाखवू? त्यापेक्षा ठेवला तसाच ठेवला. लोक पोट आत ओढतात, मी हात आत ओढला.” मग तिच्याकडे वळून, “त्यामुळे झालं का ते?”

“त्यामुळे नाही,” लगामबाई म्हणाली. “पण त्यामुळे सापडेल.”

टेपातून सुटलेला नवरा म्हणाला, की माझी कंबर किती ते आता कोणी सांगणार आहे का? कोणी सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने खुर्ची ठोकळ्यांवर चढवली, त्यात बसली, आणि माप सुरू करून हात दांडीवर नुसता ठेवला. पुढे नाही, मागे नाही. पडद्यावर खूण आली. तिने खुर्ची चालू केली, आणि चाकं हवेत पूर्ण वेगाने उलटी फिरू लागली. शेजारी जावई कप घेऊन उभा होता. त्याचा चहा त्याच्याच शर्टवर सांडला.

पुढचं तिने टप्प्याटप्प्याने सोडवलं. हात हललाच नाही, उरलीसुरली थरथर गाळली गेली, म्हणजे पुढचं टोक आणि मागचं टोक एकच आलं. टोकांमधलं अंतर शून्य. हात जागचा हललेला नाही, म्हणजे हालचालही शून्य. प्रोग्रामने शून्याला शून्याने भागलं. अशा भागाकाराला उत्तर नसतं, पण यंत्र हात वर करत नाही. ते एक खास खूण देतं, जिचा अर्थ ‘ही संख्याच नाही’ असा आहे. ती खूण मात्र संख्यांच्याच रांगेत उभी राहते, त्यांच्याच वाटेने पुढे जाते. आणि तिची एक खोड आहे. तिची तुलना कशाशीही करा, उत्तर ‘नाही’ असंच येतं.

ती खूण लगामबाईच्या दोन ओळींच्या फंक्शनपाशी आली. खालच्या टोकापेक्षा लहान आहेस का? नाही. वरच्या टोकापेक्षा मोठी आहेस का? नाही. मग जा. दारावरचा पहारेकरी उंची मोजत होता, आणि समोर माणूसच नव्हता. हे फंक्शन कितीही मोठी संख्या अडवू शकत होतं, अगदी अनंतसुद्धा अडवू शकत होतं. नसलेली संख्या तेवढी त्याने सलाम ठोकून आत सोडली.

आणखी पुढे जास्त वाईट होतं. मोटरला पूर्णांक लागतो, म्हणून तिच्याकडे जाताना एकाचे हजार होतात. खुर्चीतल्या चिपने त्या खुणेचा पूर्णांक केला तो काहीतरी अवाढव्य उणे आकडा निघाला. तो तसाच मोटरपर्यंत पोचता तर मोटर बिथरून बंद पडली असती आणि कोणाला काही झालं नसतं. पण मोटरच्या अलीकडेही एक हद्द होती, ती बसवायचा आग्रहही लगामबाईनेच धरला होता. त्या हद्दीने अवाढव्य आकड्याला ओढून खालच्या टोकावर, उणे हजारावर आणलं. म्हणजेच उणे एक. पूर्ण वेगाने मागे. अगदी रीतसर आज्ञा, मोटरने ती निमूट पाळली. म्हणजे पहिल्या लगामाने वेड्याला आत सोडलं, आणि दुसऱ्याने त्याला इस्त्रीचे कपडे चढवले.

तिने मालकांना, फिटरला आणि जावयाला खुर्चीपाशी बोलावून हे सगळं चाकं फिरवून दाखवलं. मालकांनी विचारलं की चूक नक्की कोणाची? नणंदेचा हात तिने मध्ये आणला नाही. हात न हलवणं हा गुन्हा नाही, म्हणाली. खुर्ची ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातल्या कोणाचाही हात एखाद्या दिवशी हलणार नाही. आम्ही सगळे ज्यांचे हात हलतात असे, म्हणून आम्ही माप घेताना हात हलवलाच. मग म्हणाली, “फंक्शन माझं आहे. सगळीकडे तेच आहे. आधी तुमच्या नेहमीच्या खुर्च्या तपासू.”

नेहमीच्या खुर्च्यांत शून्याने भागायची वेळच येत नव्हती, पण तिने त्या तपासल्याच. जावयाने पहिल्यांदाच ते फंक्शन उघडून वाचलं. दोनच ओळी आहेत की, म्हणाला. बाई म्हणाली, हो, एक कमी होती.

ती ओळ तिने सगळ्यात वर घातली. आधी विचारायचं, तू संख्या आहेस का? नसशील तर खुर्ची जागेवर उभी. त्यानंतर टोकं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही, आणि ऑफिसात तिच्याबद्दलचा आदर वाढला तो यापुढच्या कामामुळे. आजवर तिच्या हद्दी चुकलेल्या आकड्याला गुपचूप सरळ करत. केसभर चुकलेल्याला सरळ करावं, तिचं म्हणणं, पण हातभर चुकलेल्याला सरळ करून पुढे पाठवणं म्हणजे चोराला ओळखपत्र देणं. म्हणून तिने ठरवलं, की फरक केसापेक्षा मोठा असेल तर हद्दीने ओढायचं नाही, थांबवायचं आणि बोलायचं. इतक्या वर्षांत स्वतःच जागोजाग घातलेले लगाम तिने एकेक करून पुन्हा पाहिले. फारसे चुकीचे नव्हते. मुके मात्र बरेच होते.

मापाच्या पडद्यावर तिने सूचना घातली: ‘हात हललेला दिसला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ घरी वन्संना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकाला असं बोललीस तर गिऱ्हाईक पुन्हा येईल का? सूचना बदलली. ‘माप पूर्ण झालं नाही. सवडीने पुन्हा घ्या.’

मालकांनी स्वतः खुर्चीत बसून, हात न हलवता, मग अर्धवट हलवून, मग मुद्दाम वेड्यासारखा हलवून पाहिला. खुर्ची थांबली तिथे थांबली, चालली तिथे चालली. त्यांनी परवानगी दिली, आणि आपणहून एक अट घातली: यापुढे हाताचं माप बंद दाराआड घ्यायचं, माप घेणारा आणि देणारा, तिसरं कोणी नाही.

वन्संचं माप घरीच झालं. लगामबाईने दार लावून घेतलं. वन्संनी दांडीवर हात ठेवला, ओठ दाबले, आणि हात पुढे नेला. शर्टाच्या काजाएवढा. मागे त्याहून कमी. मनगटापर्यंत कंप येत होता. लगामबाई हाताकडे न बघता पडद्याकडे बघत राहिली.

“किती आलं?”

“पुरेसं आलं.”

“पुरेसं म्हणजे किती ते किती?”

तिने सांगितलं. वन्संनी मान हलवली. “आणि हे कमी होत गेलं तर?”

“पुन्हा माप घ्यायचं.”

“अगदीच कमी झालं तर?”

कंपाच्या खाली गेलेली हालचाल माप म्हणून धरायची नाही, ही हद्द लगामबाईने स्वतः ठरवलेली होती. वन्संचा हात तिच्यापासून किती दूर आहे, हे तिला दशांशापर्यंत माहीत होतं. ती म्हणाली, “तेव्हा हात सोडून दुसरं काही मोजू. हनुवटीने चालवतात लोक. श्वासानेही चालवतात.”

दाराबाहेरून नवऱ्याचा आवाज आला, “जीभ मोज ताईची. ती शेवटपर्यंत चालेल.”

“तू कान लावून उभा आहेस होय रे?” वन्सं म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज घरभर गेला.

दुकानात जायच्या पहिल्या दिवशी लगामबाई खुर्चीच्या बाजूने चालत निघाली. फुटपाथवर खुर्ची नीट चालली, उतारावर नीट आवरली. वन्संना वेग पसंत नव्हता. शेजारून एक म्हातारा काठी टेकत पुढे निघून गेला, तेव्हा त्यांनी भावजयीकडे असं पाहिलं, की इतर वेळी तिने नजर चुकवली असती. वेगाची वरची हद्द वाढव, म्हणाल्या. लगामबाई म्हणाली, महिनाभर हीच. यावर घासाघीस झाली, पण ती हटली नाही.

चौकात सिग्नल लागला. पलीकडे दुकान, उघडं. आत मदतनीस बाई मशीनवर वाकलेली दिसत होती.

“तू जा आता ऑफिसला,” वन्सं म्हणाल्या.

“पलीकडे सोडते आणि जाते.”

“मागून कोणी येतंय असं दिसायला नको. इथूनच जा.”

हिरवा दिवा लागला. लगामबाई फुटपाथवरच थांबली. खुर्ची पांढऱ्या पट्ट्यांवरून तिने ठरवलेल्या वेगाने, न थांबता पलीकडे गेली, फुटपाथच्या चढावरून वर चढली आणि दुकानाच्या दारात उभी राहिली. मदतनीस बाई लगबगीने बाहेर आली, काहीतरी बोलू लागली. वन्संनी तिला बोलू दिलं नाही. रस्त्याच्या या काठापर्यंत त्यांचा आवाज स्पष्ट आला.

“हा खुंटीवरचा कोट कोणी बेतला? उतरव आधी.”